गच्चीवरचं आडवं-उभं

दिवाळी सरली की जयपूरचं ऊन स्वभाव बदलतं. उन्हाळ्यात ज्याच्या भीतीनं आपण दारं-खिडक्या लावून कूलरपुढे पडून राहतो, त्याच उन्हाच्या मागे मग मुढा उचलून फिरायचं. मुढा म्हणजे इकडचं बोरूच्या काड्यांचं आणि सुतळीचं बसायचं आसन, कमरेत बारीक, डमरूसारखं. सकाळी तो पाण्याच्या टाकीजवळ ठेवायचा, दुपारी मधोमध आणायचा, चार वाजता जिन्याच्या कोपऱ्यात. ऊन सरकेल तसं आपण सरकायचं. नोकरीत साहेबाच्या मागे फिरलो नसेन तेवढा थंडीत या उन्हाच्या मागे फिरतो.

गेल्या आठवड्यात मुढे काढले. दोन काढले. बसणारा मी एकटाच आहे, पण एकावर एक ठेवलेले असतात, खालचा घ्यायचा तर वरचा काढावाच लागतो. आणि काढलेला पुन्हा आत कशाला ठेवायचा, म्हणून राहू दिला.

आमच्या दुर्गापुऱ्यात अजून पतंग सुरू झाले नाहीत. एखाद-दुसरा उडतो, उगाच, सवय करून घेतल्यासारखा. खाली शेंगदाणेवाल्याच्या गाडीवर मडक्यात निखारे ठेवलेले असतात, त्याचा धूर गच्चीपर्यंत येतो. कुणीतरी गजक, इकडची तीळगुळाची वडी, घेतं आहे. या वासात मला मराठी ऐकू येतं. असं कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा चळला. पण वासात आवाज असतो. भाजलेल्या शेंगेच्या वासात मला सदू ऐकू येतो.

सदू कागलचा, मी शिराळ्याकडचा. तो फौजेत लंगरमध्ये स्वयंपाकी आणि मी ड्रायव्हर. दोघांचं शिक्षण मिळून जेमतेम एक मॅट्रिक भरेल. मी चौथी, तो सातवी, आणि या तीन यत्तांचा त्याला जन्मभर माज. पेन्शन झाल्यावर मी जवळच्या बगरू गावच्या एका छपाईवाल्याकडे टेम्पोवर लागलो, ठशांनी छापलेल्या कापडाचे गठ्ठे शहरात आणायचे. इथंच प्लॉट घेतला, घर बांधलं, बायको इथंच गेली. मुलगा गुडगावला, त्याच्या घरात मराठी देवघरापुरती उरली आहे. सदूची मुलगी लता हिचा नवरा फौजी, त्याची बदली जयपूरला झाली तेव्हा सदू तिच्याबरोबर आला. बायको त्याचीही आधीच गेलेली. भाजीच्या ठेल्यावर मी भाजीवाल्याला 'दोडका' म्हणालो आणि मागून आवाज आला, "इथं त्याला तुरई म्हंत्यात, मर्दा."

ओळख झाली ती अशी, आणि तो हिवाळा तिथून सुरू झाला.

मराठी पेपर इथं येत नाही. छावणीतला कुणी रजेवरून परतला की आम्ही त्याच्याकडे रद्दी मागायचो. लोक गावाहून चिवडा मागवतात, लोणचं मागवतात, आम्ही रविवारच्या पुरवण्या. एका हवालदाराच्या बायकोनं त्या वर्षी बोचकं भरून पाठवल्या. बातम्या शिळ्या, पण कोडं शिळं होत नाही. प्रत्येक पुरवणीत मागच्या पानावर शब्दकोडं, आडवे शब्द, उभे शब्द, आणि कोपऱ्यात मागच्या कोड्याचं उत्तर. सदू पहिलं काम करायचा ते कात्रीनं ती सगळी उत्तरं कापायचा आणि न बघता शेगडीत टाकायचा. मी म्हणालो, "अरे, एखादं अडलं तर?" तो म्हणाला, "आडलं तर आडलं. तुझा ट्रक आडला तेव्हा काय उत्तर छापून आलं हुतं?"

लिहायचं काम त्याच्याकडे. माझं अक्षर चौकटीत मावत नाही. जोडाक्षर आलं की माझी गाडी रेघेबाहेर उभी राहते, शेजारच्याला दार उघडता येत नाही.

आमची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. उत्तर ज्याला सापडलं त्यानं ते सांगायचं नाही. तोंडातून काढलं की तो शब्द बाद, चौकट कोरी सोडायची. त्याऐवजी त्यानं दुसऱ्याला आपली एक नवी खूण द्यायची, छापलेल्या खुणेपेक्षा वाकडी, आणि दुसऱ्याला कळेपर्यंत गप्प बसायचं. याला आम्ही वळसा म्हणायचो. आम्हाला हे जड गेलं नाही, कारण दोघांच्याही नोकरीत न सांगणं हेच काम होतं. कॉन्व्हॉय, म्हणजे ट्रकांची रांग, निघाला की कुठे जायचंय ते ड्रायव्हरनं कुणाला बोलायचं नसतं. आणि लंगरमध्ये आज काय शिजतंय हे सदूनं कधी एकाही जवानाला सरळ सांगितलं नाही. "आज पिवळ्या तळ्यात दगड," म्हणायचा. जवान ओळखायचे, कढी आणि पकोडे. भूक त्यामुळे वाढते, असं त्याचं म्हणणं.

एकदा खूण आली, 'सुट्टी उलटली की येणारं म्हातारपण, अक्षरं दोन.' मी पार गळालो. सदू मिशीत हसायला लागला म्हणजे त्याला सापडलं होतं. मी म्हणालो, "दे वळसा." तो शेंगा सोलत म्हणाला, "तुला च्यात साखर किती लागती?"

"जरा," मी म्हणालो.

तो नुसता बघत राहिला. मग मला दिसलं. सुट्टी म्हणजे रजा. रजा उलटी वाच. जरा म्हणजे म्हातारपण हे त्याला भजनामुळे ठाऊक, मला जरा म्हणजे थोडं एवढंच माहीत. आम्ही दोघं इतके हसलो की शेंगांची टरफलं गच्चीभर झाली. फौजेत राहिलेल्या माणसाला रजेचा असा उलटा अर्थ दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी त्याला गच्चीवरून खाली ढकललं असतं.

'उलटलं तरी न बुडणारं, अक्षरं तीन.' सदू म्हणाला, "तुझा ट्रक. खड्ड्यात उलटला हुता, बुडला न्हाई." जहाज, उलटं वाचलं तरी जहाजच, हे मला आधी सापडलं होतं. ते वळशानं त्याच्यापर्यंत पोचवायला मला चहाचे दोन कप लागले. 'खाली कधीच नसतो असा नवरा, अक्षरं दोन.' वर, हे दोघांनाही एकदमच कळलं, तेव्हा सदू गंभीरपणे म्हणाला, "हे कोडं बाईमाणसानं केलेलं न्हाई." आणि मान हा शब्द आला तेव्हा त्यानं मला दिलेला वळसा मी विसरणार नाही. म्हणाला, "तुझ्याकडं दोन हाईत, दत्त्या. एक वाकत न्हाई, एक मिळत न्हाई."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो येऊन माझ्या शेजारी बसला, शेंगा सोलून माझ्या बाजूला ढीग करत गेला. तसं तो नेहमीच करायचा. सोलायचा तो, खायचो मी.

आमचा आवाज मोठा. शेजारच्या गच्चीवर रजया वाळत घालणारी बाई एकदा न राहवून म्हणाली, "अंकलजी, आप दोनों रोज़ लड़ते क्यों हो?" सदू तिला म्हणाला, "लड़ नहीं रहे बेटी, मराठी बोल रहे हैं."

खूण कशी असावी यावर मी आता पुष्कळ विचार करतो. दुसरं कामही नाही. चांगली खूण खोटं बोलत नाही. ती खरंच बोलते, फक्त तोंड दुसरीकडे करून. तिच्यावर चिडता येत नाही. उत्तर कळल्यावर आपण पुन्हा खूण वाचतो तेव्हा सगळं समोरच मांडलेलं असतं, आपणच भलतीकडे बघत होतो. हसू येतं ते याचं. स्वतःच्या फसण्याचं हसू. आणि ते हसायला समोर एक माणूस लागतो, ज्यानं आपल्याला फसताना पाहिलंय.

संक्रांत झाली. त्या दिवशी इथं आभाळ पतंगांनी भरून जातं, गच्ची-गच्चीवरून 'वो काटा' अशी आरोळी, आणि रात्री झाडांत, तारांत, टाकीच्या नळात मांजाचे गुंते. त्यानंतरच्या आठवड्यात सदू जरा गप्प असायचा. लताच्या नवऱ्याची बदली बेळगावला झाली होती, हे मला ठाऊक होतं. फौजीचं बिऱ्हाड, आज ना उद्या उठायचंच. सदू त्यांच्याबरोबर जाणार हे मी धरून चाललो होतो, कारण तो काही बोलला नव्हता. आणि त्यानं बोलल्याशिवाय मी का विचारावं?

एका दुपारी आम्ही कोडं घेऊन बसलो होतो. बराच वेळ तो पेन्सिल धरून नुसता बसला, मग म्हणाला, "वरच्या खोलीत सकाळचं ऊन कधी येतं रं?"

गच्चीला लागून माझी एक खोली आहे. मोरी आहे, छोटा ओटा आहे. रिकामीच असायची. पण मला वाटलं, त्याला उत्तर सापडलं आणि हा वळसा आहे. मी चौकट ओढून घेतली. वर, ऊन, सकाळ. "पूर्वाभिमुख," मी म्हणालो. मग मोजलं. "बसत नाही. चार घरं आहेत."

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. थोड्या वेळानं म्हणाला, "एकट्या माणसाला सैपाक करायला जागा किती लागती?"

"आडवं का उभं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ बघितलं. मग पतंगांकडे तोंड करून म्हणाला, "उभं."

ती अख्खी दुपार मी उभे शब्द शोधत होतो.

फेब्रुवारीत त्यांचा ट्रक भरला. सदूनं ट्रंकेवर बसून मला रामराम केला, मी केला. लता पाया पडायला आली आणि उठताना हळूच म्हणाली, "बाबांना इथंच राहायचं होतं, काका. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मग त्यांनी विषय सोडला." ट्रकचं इंजिन सुरू होतं. मी आवाजावरून सांगू शकतो की त्याचा एक नोझल खराब होता. बाकी त्या वेळी मला काय वाटलं ते मी इथं लिहिणार नाही.

एवढंच लिहितो, की त्यानं सरळ विचारायला पाहिजे होतं. आजही माझं हेच म्हणणं आहे. माणसानं घरात जागा मागायची तर मागावी. कोडं घालू नये. पण हे म्हणणं मी कुणापुढे मांडू? ज्याच्यापुढे मांडायचं तो बेळगावला निघून गेला.

फोनवर आम्ही करून पाहिलं. पहिल्या वर्षी दर रविवारी. मी खूण वाचायची, त्यानं वळसा द्यायचा. पण वळशाला गप्प बसणं लागतं, आणि फोनला गप्प बसणं चालत नाही. मी विचार करायला थांबलो की तिकडून, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" गच्चीवर तो गप्प असायचा तेव्हा त्याचा चेहरा बोलायचा. फोनमध्ये गप्प म्हणजे लाईन गेली. हळूहळू आम्ही औषधांवर आलो. तुझी कुठली गोळी, माझी कुठली गोळी.

एकट्यानं कोडं सुटत नाही असं नाही. मी सोडवतो. छावणीतली मुलं आता पेपर आणत नाहीत, फोनमध्ये वाचतात, त्यातल्याच एकानं मला शंभरेक कोडी छापून दिली आहेत. सापडतं उत्तर. सापडलं की मी मुकाट बसतो, जुन्या सवयीनं, सांगायचं नाही म्हणून. मग लक्षात येतं की लपवायचं कुणापासून? स्वतःला वळसा देता येत नाही. उत्तर माहीत असलेल्या माणसाला फसवणार कसं? मी ते उत्तर चौकटीबाहेर सांडत लिहून टाकतो आणि मुढा उन्हात सरकवतो.

दिवसभर माझ्या तोंडून निघणारी भाषा आता हिंदी आहे. दूधवाला, औषधवाला, गॅसवाला, सगळ्यांशी. हिंदीत मी साधा, सरळ माणूस आहे. हिंदीत मला तिरकं बोलता येत नाही. लोकांना वाटतं अंकलजी शांत आहेत.

गेल्या रविवारी वरची खोली बघायला एक मुलगी आली. केतकी तिचं नाव. नाशिकची, नवऱ्याबरोबर इथं कंपनीत कामाला, आता तिलक नगरला राहतात. तिथली जागा कोंदट आहे म्हणाली. खोली बघून गच्चीवर आली, माझ्या मुढ्यावर पडलेलं कोडं बघून म्हणाली, "अय्या, मराठी! काका, मतलब तुम्ही हे सोडवता?"

"आणखी कोण सोडवणार?"

ती दुसऱ्या मुढ्यावर बसली. विचारलंही नाही. वाचायला लागली, जरा अडखळत. "'उलटं केलं तरी जुनं होत नाही, अक्षरं तीन.' सांगा ना काका, मला उशीर होतोय."

"सांगत नसतात."

"ॲपमध्ये हिंट दाबली की येतं."

"मी ॲप नाही." मग माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हणालो, "तू इथं राहायला आलीस तर ही शेजारीण तुला काय म्हणेल?"

"भाडेकरू?"

"अक्षरं तीन सांगितली."

तिनं शेजारच्या गच्चीकडे बघितलं, कोड्याकडे बघितलं, आणि एकदम टाळी वाजवली. "नवीन! नवीन उलटं केलं तरी नवीन! काका, तुम्ही डेंजर आहात." आणि पर्समधून पेन काढून तिनं ते भरलंसुद्धा. अक्षर छान, चौकटीत बसणारं. हसली ती मनापासून. गच्चीवर दुसऱ्या माणसाचं मराठी हसू मी फार दिवसांनी ऐकलं. जाताना म्हणाली, "आम्ही येतोच राहायला. मग रोज एक सोडवू. बुधवारपर्यंत सांगा हं."

चांगली मुलगी आहे. मी हो म्हणणारच होतो.

सोमवारी सदूला फोन लावला. तो आता पुण्यात आहे. जावई सीमेवर कुठेतरी गेला, तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून लता पोरांच्या शाळेसाठी पुण्यात राहते, लहान फ्लॅटमध्ये. मी विचारलं, "झोप लागते का?"

"लागती की. हॉलमध्ये झोपतो. टीव्ही बंद झाला की माझी रात, नळ सुटला की माझी सकाळ."

तो हसला. मीही हसणार होतो. पण मला त्या हसण्याचा आवाज ओळखीचा वाटला. गेले कित्येक महिने तो मला हेच सांगत होता. एकदा म्हणाला, पोरांचा अभ्यास चालतो तेव्हा मी जिन्यात बसतो, तिथं वारा चांगला येतो. एकदा म्हणाला, पुण्यात ऊन वाया जातं रे, बसायला कुणी नाही. मी प्रत्येक वेळी "हो का," म्हणून गोळ्यांवर आलो होतो.

मी म्हणालो, "सदू, इथं राहायला ये."

तिकडे काहीच नाही. मी 'हॅलो' म्हटलं नाही. हातात फोन धरून, गच्चीवरच्या उन्हात उभा राहिलो. कुकरची शिट्टी ऐकू आली, पोरं कशावरून तरी भांडत होती. लाईन गेलेली नव्हती.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "किती अक्षरी?"

"चेष्टा नको. ये म्हणतोय. राहायला. कायमचा."

"दत्त्या," तो म्हणाला, "वरची खोली व्हय? माझ्या गुडघ्याला आता जिना हुत न्हाई. लिफ्ट बंद पडली तर मी दोन-दोन दिस खाली उतरत न्हाई." मग सावकाश म्हणाला, "तेव्हा हुत हुता."

"मग तू खाली राहा. माझ्या खोलीत. मी वर जातो."

"तुझं गुडघं?"

"माझे गुडघे ड्रायव्हरचे आहेत. बसून झिजले नाहीत."

तो हसला नाही. "लताला इचारतो," म्हणाला. "बघतो." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. बुधवारी संध्याकाळी केतकी आली, मी तिला खालीच सांगितलं की खोली द्यायची नाही. तिचा चेहरा उतरला. "दुसरं कुणी येतंय का, काका?"

"माझा मित्र येतोय," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते इतकं ठाम निघालं की मलाच धीर आला. खरं म्हणजे त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. लता काय म्हणेल, म्हाताऱ्याला परक्या घरी कसं पाठवायचं, लोक काय म्हणतील, हे सगळं आहेच. पण मी काय म्हणालो ते आता त्याच्याजवळ आहे.

आज सकाळपासून सामान वर नेतो आहे. आधी कपडे, मग रजई, मग बायकोचा फोटो. जिन्याच्या वळणावर मला दोनदा थांबावं लागलं, भिंतीला हात लावून. शेजारणीनं गच्चीवरून विचारलं, "अंकलजी, नीचे कोई आ रहा है क्या?" मी दम लागल्यामुळे नुसती मान हलवली. काय समजली कोण जाणे.

आता खालची खोली पूर्ण मोकळी झाली आहे. पलंग झटकून ठेवला. मोरीत काठी अडकवायला खिळा ठोकला. खिडकी पुसली. रस्त्यावरचं ऊन आत यायला लागलं आहे, पलंगाच्या पायथ्यापर्यंत, आणि तिथं कुणी बसलेलं नाही.